दोन वर्षे न खपलेला नांगर

धंदा म्हटला की आपल्याकडे पहिला प्रश्न विचारतात तो भांडवलाचा. पैसा कुठून आणला? दुसरा प्रश्न यंत्राचा. कोणते यंत्र घेतले, कितीला पडले? ज्या माणसाची हकीकत आज सांगायची आहे, त्याच्याजवळ पैसा बेताचा होता, यंत्रेही थोडीच होती, आणि माल तर असा होता की दोन वर्षे त्याला कोणी हात लावीना. तो माल म्हणजे लोखंडी नांगर, आणि माणूस म्हणजे लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर.

लक्ष्मणरावांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर या गावी झाला. नाटककार अण्णासाहेब किर्लोस्करांचे गावही तेच. मुलाला चित्रकलेचा नाद. म्हणून तो मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेला. तिथे कळले की आपल्याला रंगच नीट ओळखू येत नाहीत. डोळ्यांचाच दोष, त्याला उपाय काय? रंगाची कला सुटली, पण रेघ सुटली नाही. यंत्रांची चित्रे काढण्यात हा विद्यार्थी तरबेज झाला आणि 1887 साली निघालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तेच शिकवू लागला. शिक्षकबंधूंनी हे लक्षात घ्यावे, की हा गृहस्थ मुळात मास्तर होता. शिकवता शिकवता तो कर्मशाळेत जाऊन यंत्रे खोलून पाही आणि अमेरिकेहून येणारी यंत्रविद्येची पुस्तके नि मासिके वाची.

नोकरीत असतानाच, 1888 साली, बेळगावात थोरले बंधू रामूअण्णा यांच्या नावे सायकलींचे दुकान निघाले. सायकल ही त्या वेळची अगदी नवी चीज. दोन्ही चाके सारखी असलेली, साखळीने चालणारी सायकल इंग्लंडात निघून तीनच वर्षे झाली होती. डनलॉपची हवेची धाव तर त्याच 1888 सालची. लक्ष्मणराव मुंबईहून माल पाठवीत आणि रामूअण्णा तो विकीत. विकीत म्हणजे नुसते गिऱ्हाइकाच्या हाती देत नसत, तर त्याला सायकलवर बसायलाही शिकवीत. ही बारीक गोष्ट आहे, पण पुढच्या साऱ्या कथेचे बी मला तिच्यातच दिसते. नवे यंत्र विकणाऱ्याला ते वापरायचे कसे हेही विकावे लागते.

पुढे संस्थेत वरची जागा रिकामी झाली. ती लक्ष्मणरावांना मिळायची, ती एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला दिली गेली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठले.

बेळगावात त्यांनी आधी कडबा कापण्याचे यंत्र केले. ज्यांच्या दावणीला जनावर आहे त्यांना याचा उपयोग सांगायला नको. जोंधळ्याची अख्खी पेंढी टाकली की बैल पाला ओरबाडून खातो आणि धाटे पायाखाली तुडवतो. बारीक तुकडे करून घातले म्हणजे धाटही पोटात जाते. दुष्काळी मुलखात ही बचत लहान नव्हे.

मग आला नांगर. आपला लाकडी नांगर जमीन चिरतो, पालथी करीत नाही. दोन तासांच्या मधे कोरी पट्टी राहून जाते. हरळी आणि कुंदा यांची मुळे खोल असतात, ती तशीच जिवंत राहतात. विलायती पद्धतीच्या लोखंडी नांगराला फाळाच्या मागे वाकडा पंख असतो; तो मातीचा पट्टा उचलून उलटा टाकतो, तण गाडले जाते आणि खालची माती वर येऊन उन्हात तापते. लक्ष्मणरावांनी असे नांगर घडवले, दुकानात मांडले, आणि वाट पाहत बसले. गिऱ्हाईक येई, बघे आणि जाई. लोक म्हणत, "लोखंडाचं विष जमिनीत उतरतं." पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली!

ही गोष्ट सांगताना आपल्या शेतकऱ्याच्या अडाणीपणावर हसण्याची रीत आहे. मला ती पटत नाही. विषाची समजूत खोटी होती, कबूल. पण नुसत्या त्या समजुतीनेच हात अडला असेल असे मला वाटत नाही. जरा हिशेब मांडून बघा. लाकडी नांगर गावचा सुतार करी, त्याची फाळ गावचा लोहार शेवटी. दोघांनाही सुगीला धान्य द्यायचे. रोख पैशाची बातच नाही. नांगर मोडला तर संध्याकाळपर्यंत दुरुस्त. आता हा बिडाचा नांगर. तो घ्यायचा रोख पैशाने. फाळ झिजली तर ती लोहाराच्या ऐरणीवर चालत नाही, कारण बीड ठोकले तर वाढत नाही, फुटते. नवी फाळ आणायची ती बेळगावहून! ऐन नांगरटीत बैल उभे राहिले तर ते नुकसान कोण भरून देणार? शेतकरी "विष, विष" म्हणत होता खरा, पण त्याच्या मनात ही भीतीही असावी. या भीतीला उत्तर एकच होते: चांगले बीड, हव्या तेवढ्या सुट्या फाळा, आणि त्या वेळेवर गावापर्यंत पोचवण्याची सोय. नुसता कारखाना असून हे साधत नाही. कारखान्याच्या दाराशी आगगाडी लागते.

ती लागली, पण संकटाच्या वाटेने. बेळगावच्या नगरपालिकेला शहराच्या वाढीसाठी कारखान्याची जागा हवी होती. सगळे सामान उचलून जायचे कुठे? त्या वेळी औंधचे राजेसाहेब बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. ते 1909 साली गादीवर बसले होते, स्वतः चित्रकार होते, आणि लक्ष्मणरावांचा नि त्यांचा परिचय होता. (याच संस्थानिकाच्या आश्रयाने पुढे ओगल्यांचा काचकारखानाही उभा राहिला, लहान संस्थानातही केवढे काम होऊ शकते ते पाहा.) त्यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळची 32 एकर जमीन दिली आणि 10,000 रुपये बिनव्याजी दिले.

जमीन म्हणजे माळ. निवडुंगाचे रान आणि नागांची वस्ती. पण शेजारून मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेचा पुणे-मिरज रस्ता जात होता. त्याच गाडीने कोळसा नि लोखंड यायचे, त्याच गाडीने नांगर जायचे. 10 मार्च 1910 या दिवशी किर्लोस्करवाडीची सुरुवात झाली. पंचवीसेक कामगार आपापली बायकामुले घेऊन त्या माळावर राहायला आले. निवडुंग तोडला, भट्टी पेटवली, साचे मांडले. वसाहतीत शिवाशीव पाळायची नाही असा दंडक होता, आणि रात्रीच्या पहाऱ्याला ठेवली ती शिक्षा भोगून आलेली माणसे. मुद्दाम पाहण्यासारखी गोष्ट अशी, की कामगारांतले बरेचसे कुठल्याही शाळेत यंत्रविद्या शिकलेले नव्हते. मास्तर कारखानदार झाला, पण त्याचा वर्ग काही सुटला नाही.

1914 साली युरोपात महायुद्ध पेटले. परदेशी नांगरांची आवक थांबली, म्हणजे बाजार मोकळा झाला. पण बाहेरून येणारा कोळसा, ओतायचे बीड आणि रंग यांचाही दुष्काळ पडला. मागणी दारात उभी आणि भट्टीत घालायला लोखंड नाही! तेव्हा कोल्हापूर दरबाराकडच्या जुन्या, निकामी तोफा मिळवल्या गेल्या. शाहू महाराजांच्या राज्यातल्या त्या तोफा वितळल्या आणि त्यांचे नांगर झाले. तिकडे युरोपात नेमके उलटे चालले होते.

युद्धानंतर, 1920 साली, घरच्या धंद्याची मर्यादित कंपनी झाली. त्याच साली लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी 'किर्लोस्कर खबर' नावाचे पत्रक काढले. मूळ हेतू कारखान्याच्या मालाची माहिती गावोगाव पोचवण्याचा. त्याचेच पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाले, आणि 1930 साली 'स्त्री' निघाले. ज्यांच्या घरी नांगर कधीच नव्हता अशा घरांतही ही मासिके वाचली गेली. उसाचे चरक, भुईमूग फोडण्याची यंत्रे, पाण्याचे पंप हे सारे हळूहळू वाडीतून बाहेर पडले. त्याची यादी आपल्यातल्या पुष्कळांना ठाऊक आहे. लक्ष्मणराव 26 सप्टेंबर 1956 रोजी वारले. कुंडल रोड स्टेशनाचे नाव किर्लोस्करवाडी झाले आहे.

हे सगळे वाचताना मला माझे आजोळ आठवते. आजोबांच्या गोठ्यात दोन नांगर असत. लाकडी होता त्याला ते नांगर म्हणत, आणि लोखंडी होता त्याला नुसते "किर्लोस्कर". "किर्लोस्कर घेऊन वरच्या शेताला जा," असे गड्याला सांगत. खिडकीत जुन्या फाळा रचून ठेवलेल्या असायच्या, झिजून निम्म्या झालेल्या. मी विचारले, "या कशाला ठेवल्यात?" तर म्हणाले, "असू दे, अडीनडीला लागेल." पुढे भाड्याचा ट्रॅक्टर यायला लागला. लाकडी नांगर पावसाळ्यात चुलीत गेला. लोखंडी तेवढा राहिला होता. तो एका मोडवाल्याने वजनावर नेला. जाताना त्याने फाळांचे वजन वेगळे केले आणि म्हणाला, "हे बीड आहे, याचा भाव निराळा. हे परत ओतायला जातं."