एल्क्स सभागृहातील दोन टेनर

दिनांक ६ जुलै १९४७, रविवार. लॉस अँजेलिस शहराच्या सेंट्रल ॲव्हेन्यू या रस्त्यावर एल्क्स सभागृह म्हणून एक इमारत होती, तेथे त्या दिवशी जॅझ संगीताची मैफल झाली. मैफली तेथे नेहमीच होत. परंतु ही मैफल राल्फ बास या निर्मात्याने ध्वनिमुद्रित करून ठेवली, आणि म्हणून डेक्स्टर गॉर्डन व वॉर्डेल ग्रे या दोन टेनर सॅक्सोफोन-वादकांनी त्या दिवशी एकमेकांसमोर उभे राहून काय वाजवले ते आजही ऐकता येते. त्यातील 'द हंट' हा सुमारे अठरा मिनिटांचा तुकडा पुढे साऱ्या मैफलीचेच नाव होऊन बसला.

'हंट' म्हणजे शिकार. या नावाने, आणि त्या जोडीविषयी लिहिणाऱ्यांनी पुढे वापरलेल्या 'द्वंद्व', 'झुंज' अशा शब्दांनी, ऐकणाऱ्याची थोडी फसगतच केली आहे असे आम्हांस वाटते. शिकारीत एक मरतो आणि एक उरतो. या तबकडीवर तसे काही घडत नाही. तसे घडले ते तबकडीबाहेर, आणि त्यामुळेच ती पुन्हा पुन्हा ऐकावीशी वाटते.

प्रथम त्या रस्त्याविषयी. १९४० च्या दशकात लॉस अँजेलिसमधील कृष्णवर्णीयांना वाटेल तेथे घर घेता येत नसे. मालमत्तेच्या करारपत्रांतच तशी बंदी लिहिलेली असे. अशी कलमे न्यायालयांनी अमलात आणू नयेत असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ साली दिला. युद्धकाळात जहाजांच्या आणि विमानांच्या कारखान्यांत काम मिळते म्हणून दक्षिणेकडून हजारो माणसे आली, ती बहुतांशी सेंट्रल ॲव्हेन्यूच्या आसपासच कोंडली गेली. डॉक्टर, वकील, मजूर आणि वादक एकाच रस्त्यावर. गावात आलेले मोठे कृष्णवर्णीय कलावंत उतरत ते याच रस्त्यावरच्या डनबार हॉटेलात. वादकांच्या संघटनाही दोन होत्या, गोऱ्यांची ४७ क्रमांकाची आणि काळ्यांची ७६७ क्रमांकाची. अन्यायाने माणसे एकत्र कोंडली आणि त्या दाटीतून संगीत उगवले, हे सांगताना अन्यायाचे आभार मानल्यासारखे होऊ नये, एवढे भान ठेवावे लागते.

रात्री उशिरा, हॉटेलांतील कामे आटोपल्यावर, वादक याच रस्त्यावरच्या जॅक्स बास्केट या जागी जमत. तळलेली कोंबडी खावी, आणि ज्याच्या अंगात हिंमत असेल त्याने मंचावर चढून वाजवावे, असा तेथील परिपाठ. पुढे गॉर्डनने आठवण सांगितली आहे की, रात्रीच्या आरंभी मंचावर पुष्कळ वादक असत, आणि पहाटेकडे केवळ तो आणि वॉर्डेल असे दोघेच उरत.

टेनर वादकांच्या अशा सामन्यांची परंपरा जुनी. १९३३ च्या डिसेंबरात कॅन्सस सिटी येथे कोलमन हॉकिन्स याला लेस्टर यंग व इतर स्थानिक वादकांनी रात्रभर जागवून दमवले, ही कथा जॅझच्या इतिहासात आख्यायिकेसारखी सांगितली जाते. काउंट बेसीने आपल्या वाद्यवृंदात लेस्टर यंग आणि हर्शेल इव्हान्स असे दोन भिन्न प्रकृतीचे टेनर वादक ठेवून त्या विरोधाचा उपयोग करून घेतला. गॉर्डन स्वतः याच शाळेत तयार झाला. १९४० च्या अखेरीस, वयाच्या सतराव्या वर्षी, तो लायोनेल हॅम्प्टनच्या वाद्यवृंदात गेला तेव्हा शेजारच्या खुर्चीवर इलिनॉय जॅके होता; पुढे १९४४ साली बिली एक्स्टाइनच्या वाद्यवृंदात जीन ॲमन्सशी त्याची सवाल-जवाबाची जोडी जमली.

आपल्याकडील वाचकास येथे कलगी-तुऱ्याची आठवण होणे स्वाभाविक आहे. एका फडाने कूट घालावे, दुसऱ्याने ते उलगडून उलट कूट घालावे आणि श्रोत्यांनी रात्र उजाडेपर्यंत हलू नये, हा थाट दोन्हीकडे सारखाच. मात्र एक भेद आहे. कलगी आणि तुरा यांची बाजू आधीच ठरलेली असते, एकाने शक्तीची थोरवी गायची आणि दुसऱ्याने शिवाची. या दोन टेनर वादकांपुढे असा कोणताही पक्ष नव्हता. दोघेही एकाच गुरूचे, म्हणजे लेस्टर यंगचे, मानसशिष्य होते. भांडण होते ते त्या वारशाचे पुढे काय करायचे याविषयी.

गॉर्डनचा जन्म लॉस अँजेलिसमध्येच, २७ फेब्रुवारी १९२३ रोजी. वडील डॉक्टर, ड्यूक एलिंग्टन आणि हॅम्प्टन यांच्यासारखे कलावंत त्यांचे रुग्ण. मुलगा उंचीने साडेसहा फुटांच्या घरातला, आणि त्याचा स्वरही तसाच भव्य, भारदस्त. तो मात्रेवर कधी घाई करीत नाही, किंचित मागे रेंगाळतो. ऐकणाऱ्याला वाटावे, आता हा चुकणार, आणि तो नेमका ठिकाणावर येतो. मध्येच एखाद्या लोकप्रिय गाण्याचा तुकडा मिस्किलपणे आणून ठेवायची खोडही त्याची. वॉर्डेल ग्रे दोन वर्षांनी वडील, १३ फेब्रुवारी १९२१ रोजी ओक्लाहोमा सिटी येथे जन्मलेला, डेट्रॉइटमध्ये वाढलेला, अंगाने सडपातळ. अर्ल हाइन्सच्या वाद्यवृंदातून तो पश्चिमेकडे आला. त्याचा स्वर हलका आणि वाहता. गती कितीही वाढो, त्याच्या वाक्यांना धाप लागत नाही. १९४७ च्या फेब्रुवारीत चार्ली पार्करने 'रिलॅक्सिन ॲट कॅमरिलो' ध्वनिमुद्रित केले तेव्हा टेनरसाठी ग्रेलाच बोलावले होते, यावरून त्याची पत कळावी.

एल्क्सच्या मैफलीपूर्वी चोवीस दिवस, म्हणजे १२ जून १९४७ रोजी, डायल कंपनीच्या रॉस रसेलने या जोडीला स्टुडिओत नेले. 'द चेस' नावाची गॉर्डनची रचना तेथे ध्वनिमुद्रित झाली. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत, म्हणून ती दोन्ही बाजूंवर विभागली गेली. रचना चतुर आहे. प्रथम दोघे एकेक पूर्ण आवर्तन घेतात, ३२ बारांचे (चार मात्रांचा एक बार); मग १६ बार, मग ८, मग ४. अंतर कमी होत जाते आणि पाठलाग जवळ येतो. तबकडी चांगली खपली. पण आवर्तन आणि मिनिटे दोन्ही मोजलेली असल्याने त्यात जॅक्स बास्केटची पहाट नव्हती. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या तबकड्यांतून ज्यांनी राग ऐकला आणि मग प्रत्यक्ष मैफलीत ख्याल ऐकला, त्यांना हा फरक निराळा समजावून सांगायला नको.

'द हंट' ही ती पहाट. या मैफलीत ट्रम्पेटवर हॉवर्ड मॅगी, ट्रॉम्बोनवर ट्रमी यंग, आल्टो सॅक्सोफोनवर सनी क्रिस, पियानोवर हॅम्प्टन हॉज, गिटारवर बार्नी केसेल अशी मंडळी होती, आणि त्यांपैकी कोणीही दुय्यम नव्हते. ध्वनिमुद्रण मात्र ओबडधोबड आहे. ढोल कधी जवळ, कधी दूर. पियानो अनेकदा गर्दीत बुडालेला. प्रथम ऐकताना कानाला त्रास होतो, हे आधीच सांगून ठेवणे बरे. पण थोड्या वेळाने लक्षात येते की गर्दीचा आवाज हा या संगीतावर बसलेली धूळ नव्हे. गॉर्डन एखादा स्वर धरून ठेवतो, गर्दी ओरडते, आणि त्या ओरडण्याने तो पुढचे वाक्य बदलतो. ग्रे ते वाक्य उचलतो, त्याची किनार गुळगुळीत करतो आणि दुप्पट वेगाने परत देतो, पुन्हा आरोळी. श्रोता येथे तिसरा वादक आहे. स्टुडिओच्या काचेआड बसलेल्या तंत्रज्ञाने असे काही केले नसते.

दुसरी गोष्ट अनेकदा ऐकल्यावर ध्यानात येते. लांब पल्ल्यात दोघे एकमेकांसारखे होऊ लागतात. संथ, जड गॉर्डन अचानक धावता होतो. हलका ग्रे एखाद्या ठिकाणी पाय रोवून, स्वर खरखरीत करून, एकच गोष्ट हट्टाने तीनदा सांगतो. ज्याला प्रतिस्पर्धी म्हणावे त्याच्याच बोलीत उत्तर द्यावे लागते, आणि ती बोली अंगी मुरते. जुगलबंदी पुष्कळ ऐकलेल्या आमच्यासारख्यांना ही खूण ओळखीची आहे. जेथे दोन कलावंत केवळ आळीपाळीने आपापले वाजवतात तेथे टाळ्या पडतात, पण मागे काही उरत नाही.

अठरा मिनिटांचा हा तुकडा विकायचा कसा, हा प्रश्न होताच. लाँग प्ले तबकडी बाजारात आली ती १९४८ च्या जूनमध्ये. म्हणून 'द हंट' प्रथम ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर, तुकडे करून, अनेक बाजूंवर निघाला. दर काही मिनिटांनी उठायचे, तबकडी उलटायची, सुई ठेवायची, आणि तोवर ऐन भरातला ग्रे हवेत लटकलेला! तरीही त्या काळच्या तरुणांनी त्या झिजवल्या. जॅक केरुॲकने १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'ऑन द रोड' या कादंबरीत आपल्या नायकांना हीच तबकडी ऐकायला लावली आहे. एका रस्त्यावरच्या, एका वस्तीच्या संगीताला अशा रीतीने देशभरचे श्रोते मिळाले. ते लोण परत त्या रस्त्याला काही देऊ शकले नाही. १९५३ साली वादकांच्या दोन्ही संघटना एक झाल्या, ही झगडून मिळवलेली गोष्ट होती. पण तोवर सेंट्रल ॲव्हेन्यूचे दिवे मालवू लागले होते.

ग्रेची पुढची आठ वर्षे लौकिकदृष्ट्या बरी दिसतात. बेनी गुडमन, काउंट बेसी यांच्याकडे त्याने काम केले. १९४९ साली ध्वनिमुद्रित केलेल्या त्याच्या 'ट्विस्टेड'वर पुढे ॲनी रॉसने शब्द रचले आणि ते गाणे गाजले. २ फेब्रुवारी १९५२ रोजी पॅसाडीनाच्या सभागृहात जीन नॉर्मनच्या मैफलीत तो आणि गॉर्डन पुन्हा समोरासमोर आले. 'द चेस अँड द स्टीपलचेस' या नावाने डेक्काने ती तबकडी काढली, एका बाजूस एक तुकडा, मध्ये न तोडता. ध्वनिमुद्रण स्वच्छ, वादन सफाईदार. आमची पसंती तरी एल्क्सच्या गोंगाटालाच आहे.

तोवर हेरॉइनने दोघांनाही धरले होते. त्या पिढीतील किती वादक त्याने नेले याची गणती करवत नाही. गॉर्डनच्या वाट्यास तुरुंगवास आला. १९५५ च्या 'अनचेन्ड' या चित्रपटात, जो चिनो येथील तुरुंगावरच बेतलेला आहे, तो कैदीवादक म्हणून दिसतो. त्याच वर्षी मे महिन्यात लास व्हेगास येथे मूलाँ रूज हे काळ्या-गोऱ्यांना एकत्र प्रवेश देणारे हॉटेल उघडले. बेनी कार्टरच्या वाद्यवृंदाबरोबर ग्रे तेथे वाजवायला गेला होता. २५ मे रोजी त्याचा मृत्यू झाला. शहराबाहेरच्या वाळवंटात देह सापडला, मान मोडलेली. कसे घडले याविषयी तर्क पुष्कळ झाले, निर्विवाद उलगडा झाला नाही. त्याचे वय ३४ होते. ते हॉटेलही त्याच वर्षी बंद पडले.

गॉर्डन उरला. १९६२ साली तो युरोपात गेला, बराच काळ कोपनहेगनमध्ये राहिला, १९७६ साली न्यूयॉर्कला परतला तेव्हा त्याचे स्वागत एखाद्या सरदारासारखे झाले. १९८६ च्या 'राउंड मिडनाइट' चित्रपटातील भूमिकेसाठी ऑस्करच्या नामांकनात त्याचे नाव होते. १९९० साली तो वारला. त्याच्याविषयी जगाला पुष्कळ ठाऊक आहे, आणि ते योग्यच आहे. ग्रेचे नाव मात्र बहुधा 'गॉर्डनचा जोडीदार' असे, दुसऱ्या क्रमांकाने येते. हा क्रम आयुष्याच्या लांबीने ठरवला आहे, वादनाने नव्हे. ज्यास शंका असेल त्याने 'द हंट' लावावी आणि नावे न बघता ऐकावी.

२६ जुलै १९७० रोजी शिकागो येथे गॉर्डन आपल्या जुन्या जोडीदारासह, जीन ॲमन्ससह, पुन्हा मंचावर उभा राहिला. ॲमन्सही नुकताच दीर्घ तुरुंगवास भोगून बाहेर आला होता. त्या मैफलीची तबकडी 'द चेस!' याच नावाने निघाली, आणि तीत ती जुनी रचना दोघांनी वाजवली आहे. ॲमन्सचा स्वर गॉर्डनहूनही रुंद, आणि दोघे मिळून सभागृह भरून टाकतात. तरी एल्क्सची तबकडी कानात असलेल्या श्रोत्याला, गॉर्डनचे वाक्य संपते त्या जागी, हलक्या पावलांनी येणाऱ्या दुसऱ्याच एका उत्तराची वाट पाहावीशी वाटते.