प्रस्तावना : झड बाहेर, वारा आत

पावसाळ्यात घरात राहणाऱ्या प्रत्येकाला एक पेच ठाऊक असतो. खिडकी उघडली तर झड आत येते, लावून घेतली तर जीव गुदमरतो. कोकणातल्या घरांनी यावर उतरतं छप्पर, पडवी आणि पडवीला बांधलेली झापं असा तोडगा काढला. पण तेच घर विसाव्या मजल्यावर असेल तर? तिथे वारा जोराचा, पाऊस आडवा, आणि वळचणीचा पत्ता नाही. बहुतेक उंच इमारतींनी काचा बंद करून एसी लावला आणि प्रश्न मिटला असं मानलं. ज्या वास्तुरचनाकारांना तो मिटलेला वाटला नाही, त्यांच्या कामाची ओळख करून देणारं हे पुस्तक आहे.

या क्षेत्रात शिरायला सिंगापूरचं दार सोयीचं. विषुववृत्ताला लागून असलेल्या या शहरात उकाडा, दमटपणा आणि पाऊस बारा महिने. १९९४ साली वाँग मुन सुम आणि रिचर्ड हॅसेल यांनी इथे ‘वोहा’ ही संस्था स्थापन केली. त्यांच्या ‘वन मूलमेन राइज’ या २८ मजली इमारतीत, २००३ साली, वरच्या पेचाचं एक साधंसुधं उत्तर सापडतं. खिडकी भिंतीबाहेर काढलेली, आणि तिच्या तळाशी आडवी, सरकत्या झाकणाची फट. वारा खालून वर येतो, पाऊस मात्र बाहेरच राहतो. आग्नेय आशियातल्या जुन्या घरांच्या युक्तीचा हा नवा अवतार. या इमारतीला २००७ साली आगा खान पुरस्कार मिळाला.

वोहाच्या आधीही हा विचार झाला होता. मलेशियाचे केन यांग यांनी १९९२ च्या ‘मेनारा मेसिनियागा’त लिफ्ट, जिने आणि स्वच्छतागृहं इमारतीच्या मधोमध न ठेवता पूर्वेला नेली. सकाळचं ऊन माणसांऐवजी या भिंती झेलतात, आणि जिन्यातही उजेड-वारा मिळतो. मुंबईत कंबाला हिलवरची चार्ल्स कोरिया यांची ‘कांचनजंगा’ १९८३ ची. मुंबईची अडचण अशी, की समुद्राचा वारा पश्चिमेचा, दुपारचं ऊनही पश्चिमेचं, आणि पावसाचा मारासुद्धा तिकडूनच. म्हणून कोरियांनी कोपऱ्यांत दोन मजले उंचीच्या खोल गच्च्या कोरल्या. ती अधांतरी उचललेली पडवीच आहे.

‘हरित इमारत’ म्हटलं की डोळ्यांपुढे वेली येतात. वोहाच्या २०१६ च्या ‘ओएशिया’ हॉटेलवर त्या खरोखरच आहेत : २७ मजल्यांना वेढणारी लाल ॲल्युमिनियमची जाळी आणि तिच्यावर चढलेली हिरवाई. पण वेल हा अलंकार मानला तर अभ्यास तिथेच फसतो. वेल सावली देते, पानांतून पाणी बाहेर टाकत भोवतालची हवा थोडी गार करते. बदल्यात पाणी, मातीचा भार आणि कायमची देखभाल मागते. दोन्ही बाजूंचा हिशेब मांडणं हे या शास्त्राचं खरं काम.

हिशेबातल्या अवघड रकमाही वाचकापासून लपवू नयेत. इमारत उंच होत जाते तसा वाऱ्याचा रेटा सोसायला जास्त काँक्रीट आणि पोलाद लागतं, आणि ते बनवतानाच कितीतरी कार्बन हवेत गेलेला असतो. पाणी रोज वर चढवावं लागतं. तेव्हा ‘शाश्वत टॉवर’ या शब्दांकडे थोड्या संशयानेच पाहावं. मात्र जमीन अपुरी आणि माणसं लाखोंनी, अशा शहराला उंची टाळता येत नसेल, तर ती कशी बांधावी हा प्रश्न उरतोच.

ही चैन श्रीमंतांचीच, असा आक्षेपही रास्त आहे. त्यावर ‘स्कायव्हिल ॲट डॉसन’ पाहावं. २०१५ साली पूर्ण झालेली वोहाची ही सरकारी गृहयोजना. तिच्यात ९६० घरं आहेत, आणि दर ८० घरांमागे एक सामायिक अंगण वरच्या मजल्यांवर आहे. चाळीच्या गॅलरीत वाढलेल्या माणसाला त्याचं मोल वेगळं सांगायला नको. आज त्याच चाळींच्या जागी मुंबईत टॉवर उभे राहत असताना गॅलरी कुठे गेली, हे विचारायचं बळ या अभ्यासातून यावं.

वाचायला पूर्वतयारी फारशी लागत नाही. इमारतीच्या देखण्या छायाचित्रावर रेंगाळण्याआधी नकाशा उघडा आणि उत्तरेचा बाण शोधा. ऊन कुठून येतं, वारा कुठून, लिफ्ट कुठे ठेवली, ते बघा. मग स्वतःला त्या घरात उभं करा, आषाढातल्या भर दुपारी, आणि कोणती खिडकी उघडी ठेवता येईल ते पाहा.