तबकडीवर नसलेले नाव

मराठी संगीत रंगभूमीच्या वैभवकाळातील ध्वनिमुद्रिका ज्याच्या संग्रही आहेत, त्याने त्यांतील कोणतीही एक तबकडी हाती घेऊन मध्यभागीचा कागद न्याहाळला, तर त्यास गायकाचे नाव, पदाचा पहिला चरण, नाटकाचे नाव आणि क्वचित रागाचे नाव इतका मजकूर आढळेल. परंतु तीन-सव्वातीन मिनिटांच्या त्या गायनात गायकाच्या श्वासामागून धावणारा, तान संपते न संपते तोच तिचे टोक उचलून धरणारा आणि गायकाने क्षणभर विसावा घेतला असता ती जागा रिकामी न ठेवणारा ऑर्गनवादक कोण, याचा उल्लेख त्यास बहुधा सापडणार नाही.

या विस्मृतीचे एक कारण ध्वनिमुद्रणाच्या आरंभीच्या व्यवस्थेतच दडलेले आहे. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा गाइसबर्ग कलकत्त्यास आला, त्या काळी मेणावर टिपलेले गाणे जर्मनीत हॅनोव्हरच्या कारखान्याकडे रवाना होई, आणि तेथील कारागिरांस गाणे कोणाचे हे कळावे म्हणून गाणाऱ्याने शेवटी आपले नाव मोठ्याने सांगावे अशी वहिवाट पडली. कर्ण्याच्या तोंडाशी गायक आणि त्याच्या मागे साथीदार, ही बसण्याची पद्धतही यंत्राच्या सोयीची. १९२५ नंतर विजेचे ध्वनिमुद्रण आले, वाद्यांचा नाद स्पष्ट उमटू लागला, पण कागदावरचा मजकूर होता तेवढाच राहिला.

हा अन्याय केवळ आपल्याकडचाच, असे मात्र नाही. त्याच दशकात अमेरिकेच्या दक्षिण भागातील ग्रामीण गवयांच्या ताफ्यांत गिटार मांडीवर आडवी ठेवून तिच्या तारांवरून पोलादी कांडी फिरविणारे वादक साथीस बसत. हे वादन हवाई बेटांतून आले, त्याचे जनकत्व सामान्यतः जोसेफ केकुकू या हवाईयन तरुणास दिले जाते, आणि १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनानंतर त्याचे वेड मुख्य भूमीवर पसरले. (त्याच्याही आधी होनोलुलूत असे वादन करणारा गॅब्रिएल डेव्हियन हिंदुस्थानात जन्मलेला होता, अशी एक कथा पुढे छापली गेली, तिच्यावर भार टाकण्याचा मोह आपण आवरलेला बरा.) जिमी रॉजर्स या लोकप्रिय गायकामागे पोलादी गिटार वाजविणारे एल्सवर्थ कझन्स आणि जोसेफ कैपो यांची नावे आज सांगता येतात, ती व्हिक्टर कंपनीच्या कचेरीत प्रत्येक ध्वनिमुद्रणाची नोंदवही राखली गेली म्हणून. तिकडच्या शोधकाचे अर्धे काम ती नोंदवही राखणाऱ्या कारकुनानेच करून ठेवले होते. हेच वाद्य पुढे हवाईयन गिटार या नावाने मुंबईच्या चित्रपटगीतांत नांदले, आणि तेथेही त्याचे बरेचसे वादक श्रेयनामावलीबाहेरच राहिले.

आपल्या ऑर्गनवादकाची योग्यता कळण्यास त्या वाद्याची अडचण कळली पाहिजे. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले, तेव्हा साथ सारंगी-तबल्याची. पुढे पेटी आली आणि तिच्यामागून विलायती ऑर्गन. हातपेटीत एका हाताने भाता हलवावा लागतो; ऑर्गनचे भाते पायाखाली असल्याने दोन्ही हात मोकळे राहतात, आणि त्याची हवा सुरांतून बाहेर फेकली न जाता आत ओढली जात असल्यामुळे नाद गोल, भरीव आणि दीर्घ निघतो. ध्वनिवर्धक नसलेल्या नाट्यगृहात शेवटच्या रांगेतील पिटातल्या प्रेक्षकापर्यंत सूर पोहोचविण्यास असेच वाद्य हवे होते. परंतु त्याच्या पट्ट्या विलायती स्वरांतरांत बांधलेल्या. मींड नाही, आंदोलन नाही, श्रुतींचा सूक्ष्म भेद नाही. बालगंधर्वांसारख्या गायकाच्या गळ्यातून जे निघे, त्यातील निम्मे या वाद्यात मुळात अस्तित्वातच नव्हते. तरीही ते आहे असा भास निर्माण करणे, कोठे स्वर दाबून धरावा आणि कोठे हात उचलून गळ्यास एकटे सोडावे याचा निर्णय पदाच्या ओघात घेणे, ही विद्या कोणत्याही पुस्तकात लिहिलेली नव्हती. माझ्या मते नाट्यसंगीताचा म्हणून जो एक विशिष्ट नाद आपण ओळखतो, तो गायकाइतकाच या अनाम हातांनी घडविलेला आहे.

गंधर्व नाटक मंडळीच्या साथीस तबल्यावर अहमदजान थिरकवा, सारंगीवर कादरबक्ष आणि ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे, ही नावे रसिकांच्या तोंडी राहिली, कारण त्या मंडळीचे सारेच वैभव लोकांच्या स्मरणात राहिले. गोविंदराव टेंबे यांचे नाव राहिले, परंतु ते १९११ च्या ‘मानापमाना’चे संगीतकार, १९१३ साली निघालेल्या गंधर्व मंडळीच्या तीन मालकांपैकी एक, शिवाय नट आणि ग्रंथकार, केवळ पेटीवाले असते तर त्यांची काय गत झाली असती, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. पु. ल. देशपांडे पेटी वाजवीत हे साऱ्या महाराष्ट्रास ठाऊक आहे, पण ते ठाऊक असण्याचे कारण पेटी नव्हे.

रत्नागिरीच्या वाचकास अधिक जवळचे उदाहरण हवे असेल, तर ‘संन्यस्त खड्ग’ घ्यावे. सावरकर १९२४ ते १९३७ पर्यंत येथे स्थानबद्ध होते, त्या काळातले हे नाटक १९३१ साली मास्टर दीनानाथांच्या बलवंत संगीत मंडळीने रंगभूमीवर आणले आणि पदांना चाली वझेबुवांनी दिल्या. नाटककार, संगीतकार आणि गायकनट यांची नावे आमच्या गावातला शाळकरी मुलगाही सांगेल. ऑर्गनवर कोण बसत असे, हे त्यास कोणी विचारीत नाही.

असे नाव शोधावयाचे तर कलेच्या इतिहासग्रंथांपेक्षा हिशेबाचे दप्तर अधिक उपयोगी पडते. नाटक मंडळी हा एक फिरता कारखाना होता. त्यात नट, साथीदार, पडदेवाले, आचारी असा परिवार दरमहा पगारावर राही, आणि ज्यास पगार त्याचे नाव रोजकीर्द-खतावणीत यावयाचेच. उचल घेतली, कापून घेतली, घरी मनिऑर्डर केली, अशा रुक्ष नोंदींत एखाद्या कलावंताचे आयुष्य पाहावयास मिळते. दुर्दैवाने मंडळ्या बहुधा कर्जात बुडाल्या, सामानाबरोबर कागदही पांगले, आणि कोकणातील दमट हवेने व वाळवीने उरलेल्यांचा निकाल लावला. जेथे दप्तर नाही तेथे हस्तपत्रिका, तीही नसेल तर कान. एकाच वादकाचा हात निरनिराळ्या तबकड्यांवर ओळखणारे जाणते संग्राहक आहेत. १९९० साली मुंबईत स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’सारख्या संस्थेमुळे अशा जाणत्यांस एकत्र येण्यास ठिकाण मिळाले.

१९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’पासून मराठी बोलपटाचे युग सुरू झाले आणि मंडळ्या एकामागून एक बसल्या. नट चित्रपटांत गेले; साथीदारांपैकी कित्येक शिकवण्या, कीर्तनाची साथ आणि गावोगावची हौशी नाटके यांवर गुजराण करू लागले. अशातच १९४० च्या मार्च महिन्यात ऑल इंडिया रेडिओने पेटीस मज्जाव केला, आणि हा हुकूम १९७१ पर्यंत जारी राहिला. पेटीचा स्वर हिंदुस्थानी संगीतास मारक आहे, हा त्यामागील युक्तिवाद पूर्णतः निराधार नव्हता. पण त्याचा एक परिणाम असा की, ज्या संस्थेच्या करारपत्रांत आणि बिदागीच्या नोंदींत या पेटीवाल्यांची नावे सहज शिल्लक राहिली असती, तेथे तीन दशके त्यांस जागाच उरली नाही.

या साऱ्या विस्मरणातून आमच्या जिल्ह्याचा एक गृहस्थ मात्र निसटला. गुहागरचे गोविंदराव पटवर्धन, जन्म १९२५. राम मराठे, छोटा गंधर्व, वसंतराव देशपांडे अशा परस्परांहून सर्वस्वी भिन्न गायकांमागे त्यांनी पेटी-ऑर्गनची साथ केली, आणि प्रत्येकाच्या गाण्यात ते त्याच्याच घराण्याचे वाटत. १९९६ मध्ये ते निवर्तले, तोवर ध्वनिफिती घरोघर झाल्या होत्या आणि जाहिरातीत साथीदाराचे नाव छापण्याची रीत रूढ झाली होती. पूर्वसूरींहून ते भाग्यवान ठरले ते इतक्यापुरतेच, कारण गुण त्या पूर्वसूरींच्याही ठायी असलाच पाहिजे.

विलायती ऑर्गन आता येत नाहीत. जुन्यांचे सूर गंजतात, भात्यांचे कातडे फाटते, आणि पुष्कळ प्रयोगांत विजेच्या कीबोर्डवर वेळ निभावली जाते. तथापि राजापूर तालुक्यात आडिवऱ्यास हे वाद्य नव्याने घडविण्याचे काम चालते, रत्नागिरीत ‘खल्वायन’सारखी संस्था संगीत नाटके करते, आणि राज्य संगीत नाट्यस्पर्धेच्या निकालात ऑर्गनच्या साथीस तबल्याप्रमाणेच स्वतंत्र पारितोषिक असून ते वादकाच्या नावानिशी जाहीर होते.