टॅब कळीमागचा करार : ‘जेडी’ लायब्ररी आणि तिचे दस्तऐवजीकरण

पुणे-लोणावळा लोकलमार्गावर चिंचवड आणि देहूरोड यांच्यामध्ये असलेले आकुर्डी स्थानक एकेकाळी दुचाकीच्या कारखान्यासाठी ओळखले जात असे. बजाज ऑटोने २००७ मध्ये तेथील उत्पादन थांबविले. मुख्य कार्यालय मात्र तेथेच राहिले. आज या स्थानकावर सकाळी उतरणाऱ्या गर्दीत अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांचा भरणा मोठा असतो आणि त्यांतील अनेकांच्या अभ्यासक्रमात पायथॉन ही संगणकभाषा असते. पायथॉनमध्ये प्रोग्रॅम लिहिताना नावाची दोन-तीन अक्षरे टंकित करून टॅबची कळ दाबली, की उरलेले नाव संगणक सुचवितो. ही सोय इतकी अंगवळणी पडलेली आहे, की ती कोण पुरविते, असा प्रश्नच सहसा कोणाला पडत नाही.

ही सोय बहुतेक वेळा संपादकाची, म्हणजे ज्या खिडकीत प्रोग्रॅम लिहिला जातो त्या सॉफ्टवेअरची, स्वतःची नसते. संपादक दुसऱ्या एका सॉफ्टवेअरला विचारतो आणि आलेले उत्तर पडद्यावर मांडतो. उत्तर देणाऱ्या अशा संचाला प्रोग्रॅमरांच्या बोलीत ‘लायब्ररी’ म्हणतात. पुस्तकांच्या ग्रंथालयाशी तिचा संबंध नावापुरताच. पायथॉनसाठीच्या अशा लायब्रऱ्यांपैकी ‘जेडी’ ही सर्वांत परिचित लायब्ररी होय. स्वित्झर्लंडमधील डेव्हिड हाल्टर यांनी २०१२च्या सुमारास तिची उभारणी सुरू केली. ती मुक्त परवान्याखाली उपलब्ध असून ‘आयपायथॉन’, ‘स्पायडर’ आणि ‘विम’ यांच्या वापरकर्त्यांना ती अनेक वर्षे, बहुधा नकळत, सेवा देत आली आहे.

संपादकाने लायब्ररीला काय विचारायचे, कोणत्या शब्दांत विचारायचे आणि उत्तर कोणत्या स्वरूपात येईल, याचा ठरलेला मसुदा म्हणजे इंटरफेस. भोसरी-चिंचवडच्या लघुउद्योगांत वाढलेल्या वाचकाला हे समजावून सांगावे लागणार नाही. मोठ्या कारखान्याला सुटे भाग पुरविणारा उद्योजक त्या कारखान्यात काय चालते हे जाणत नसतो, त्याच्या हाती असते ते ड्रॉइंग. आठ मिलिमीटरच्या बोल्टचा पिच सव्वा मिलिमीटर असे त्यावर लिहिलेले असेल, तर आटे तसेच पाडायचे. ड्रॉइंग चुकले किंवा न सांगता बदलले, तर भाग कितीही सुबक असला तरी बसत नाही. सॉफ्टवेअरमध्ये ड्रॉइंगची ही जागा दस्तऐवजीकरणाची असते. मात्र कारखान्यातील ड्रॉइंगवर जबाबदार माणसाची सही असते. मुक्त सॉफ्टवेअरच्या दस्तऐवजावर ती नसते, आणि पुढील सारी गुंतागुंत तेथूनच सुरू होते.

जेडीच्या इंटरफेसचा गाभा ‘स्क्रिप्ट’ हा वर्ग आहे. लिहिला जात असलेला मजकूर त्याच्या स्वाधीन करायचा आणि मग त्याला प्रश्न विचारायचे. ‘कम्प्लीट’ हा प्रश्न म्हणजे ‘येथे काय लिहिता येईल?’, ‘गेट सिग्नेचर्स’ म्हणजे ‘या फंक्शनला कोणती मूल्ये द्यावी लागतात?’ आणि ‘गेट रेफरन्सेस’ म्हणजे ‘हे नाव आणखी कोठे कोठे आले आहे?’. नवख्याचा सर्वाधिक गोंधळ उडतो तो ‘गोटू’ आणि ‘इन्फर’ या जोडीत. दोन्ही प्रश्न ‘हे नाव आले कोठून?’ असेच विचारतात. पण ‘गोटू’ हा ते नाव जेथे मांडले गेले त्या ओळीवर नेऊन सोडतो, तर ‘इन्फर’ आयात आणि नेमणुकांचा माग काढीत शेवटच्या मूळ व्याख्येपर्यंत पोहोचतो. दस्तऐवजात हा फरक मोजक्या वाक्यांत सांगितलेला आहे. ती वाक्ये नसती, तर तो शोधून काढण्यासाठी मूळ संहिताच उपसावी लागली असती.

प्रश्न विचारताना कर्सरची जागाही सांगावी लागते, आणि इंटरफेसमधील सर्वांत क्षुद्र व तितकीच त्रासदायक गोष्ट येथेच दडलेली आहे. जेडी ओळींची मोजणी एकपासून करते, स्तंभांची मात्र शून्यापासून. मायक्रोसॉफ्टने रेड हॅट आणि कोडेन्व्ही यांच्या साथीने जून २०१६ मध्ये जाहीर केलेल्या ‘लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल’ या सामायिक नियमावलीत दोन्ही मोजण्या शून्यापासून आहेत. म्हणजे या दोहोंना जोडणाऱ्याने ओळीच्या आकड्यात दर वेळी एक मिळवायचा आणि स्तंभाला हात लावायचा नाही. हे न वाचताच काम सुरू करणाऱ्याला सूचना मिळतात, पण वरच्या ओळीच्या. कर्सर मजकुराबाहेरचा सांगितला, तर जेडी सरळ त्रुटी दाखविते. जागा सांगितलीच नाही, तर शेवटच्या ओळीचा शेवट गृहीत धरते.

स्तंभ म्हणजे नेमके काय, हा प्रश्न मराठी माणसासाठी केवळ तात्त्विक नाही. पायथॉनच्या तिसऱ्या पिढीपासून चलांची नावे देवनागरीतही देता येतात. समजा, एका चलाचे नाव ‘किंमत’ आहे. डोळ्यांना त्यात तीन अक्षरे दिसतात. युनिकोडच्या हिशेबाने मात्र क, ऱ्हस्व वेलांटी, अनुस्वार, म आणि त असे पाच घटक होतात. यूटीएफ-८ या साठवणीत प्रत्येक घटकाला तीन बाइट लागत असल्याने तेच नाव पंधरा बाइटांचे होते. पायथॉनमधील मजकूर घटकांनी मोजला जातो, म्हणून जेडीच्या दृष्टीने या नावानंतरचा स्तंभ पाचवा. पायथॉनचेच अंतर्गत ‘एएसटी’ हे साधन मात्र स्तंभ बाइटांत सांगते, म्हणजे पंधरा. लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉलची मूळ मोजणी यूटीएफ-१६च्या एककांत आहे. देवनागरीत ती घटकांशी जुळते, पण एखादे इमोजी मध्ये आले की एकाचे दोन होतात. २०२२ साली आलेल्या ३.१७ या आवृत्तीत दोन्ही बाजूंनी मोजणीची पद्धत आपसांत ठरविण्याची मुभा देण्यात आली. केवळ ‘स्तंभ शून्यापासून’ एवढेच लिहिणारा दस्तऐवज इंग्रजी प्रोग्रॅमसाठी पुरतो. देवनागरीसाठी ‘कशाने मोजायचा’ हेही त्यात यायला हवे.

‘कम्प्लीट’कडून उत्तरादाखल येते ती सूचनांची यादी. प्रत्येक सूचनेच्या अंगी ‘नेम’ म्हणजे संपूर्ण नाव, ‘टाइप’ म्हणजे ते फंक्शन आहे, वर्ग आहे की अन्य काही, आणि ‘डॉकस्ट्रिंग’ म्हणजे त्याचे वर्णन असते. याखेरीज प्रश्नाच्याच नावाचा ‘कम्प्लीट’ हा आणखी एक गुण असतो. ‘किं’ एवढे टंकित झालेले असेल आणि सूचना ‘किंमत’ अशी असेल, तर त्यात फक्त उरलेले ‘मत’ मिळते. अक्षरांचा नेमका प्रारंभ न जुळता मधलीच अक्षरे जुळली तरी चालतील, असा ढिला शोधही घेता येतो. तसा शोध घेतल्यास ‘उरलेले’ या कल्पनेलाच अर्थ राहत नाही आणि हा गुण रिकामा येतो. दस्तऐवजात याची नोंद एका ओळीत आहे. ती नजरेतून सुटली, तर संपादक रिकाम्या जागी काहीतरी जोडू पाहतो आणि कोलमडतो.

या साऱ्याचे मोल किती, ते २०२० या वर्षाने दाखविले. त्या वर्षाच्या प्रारंभी आलेल्या ०.१६ या आवृत्तीत जेडीने आपल्या प्रश्नांची नावे बदलली. ‘कम्प्लीशन्स’चे ‘कम्प्लीट’ झाले, ‘गोटू डेफिनिशन्स’चे ‘इन्फर’, ‘युसेजेस’चे ‘गेट रेफरन्सेस’. कर्सरची जागा पूर्वी ‘स्क्रिप्ट’ तयार करतानाच द्यावी लागे, ती आता प्रत्येक प्रश्नासोबत द्यायची, असेही ठरले. बदल योग्यच होता, कारण एकदा मजकूर दिल्यावर अनेक ठिकाणांबद्दल प्रश्न विचारता येऊ लागले. जुनी पद्धत काही काळ चालू ठेवण्यात आली आणि ती कालबाह्य झाल्याची सूचना दस्तऐवजात तसेच प्रत्यक्ष प्रोग्रॅममध्येही घालण्यात आली. तथापि, अशा सूचना पायथॉन एरवी दडवून ठेवतो. लायब्ररीच्या आतून आलेली सूचना सामान्य वापरकर्त्याच्या पडद्यावर उमटत नाही.

डिसेंबर २०२०च्या अखेरीस ०.१८ ही आवृत्ती आली आणि जुन्या पद्धतीचा आधार निघून गेला. आयपायथॉनची तेव्हाची ७.१९ ही आवृत्ती जेडीला अद्याप जुन्याच रीतीने, म्हणजे ओळ आणि स्तंभ आरंभीच देऊन, विचारत होती. तिने जेडीची किमान आवृत्ती नमूद केलेली होती, कमाल नव्हे. परिणामी, त्या दिवसांत ज्याने आयपायथॉन नव्याने बसविले, त्याला नवी जेडी आपोआप मिळाली आणि टॅब दाबताच सूचनांऐवजी त्रुटींची लांबलचक यादी पुढ्यात आली. ‘कॉलम’ नावाचे अनपेक्षित मूल्य मिळाले, अशी ती तक्रार होती. जेडीची ०.१७.२ ही आधीची आवृत्ती मुद्दाम बसविणे, हा तात्पुरता उपाय ठरला. आयपायथॉनच्या ७.२० या आवृत्तीने पुढील वर्षाच्या आरंभी दुरुस्ती केली. दुरुस्ती म्हणजे काय, तर तीच दोन मूल्ये एका कंसातून उचलून दुसऱ्या कंसात ठेवणे.

दोष कोणाचा, याचा निवाडा सोपा नाही. जेडीने पूर्वसूचना दिली होती. शिवाय आवृत्तीचा आकडा शून्याने सुरू होतो तोवर इंटरफेस कधीही बदलू शकतो, हा या क्षेत्रातील प्रचलित संकेत आहे. उलटपक्षी, ज्या लायब्ररीवर इतकी साधने विसंबून आहेत, तिने शून्याच्या आडोशाला किती वर्षे राहावे, हाही प्रश्न रास्तच. एवढे मात्र खरे, की दस्तऐवजात लिहिलेले असणे आणि ते संबंधितांपर्यंत पोहोचणे यांत अंतर असते. बदलांची नोंदवही वाचणारे थोडे, आणि आयपायथॉनसारख्या प्रकल्पातही ते काम फावल्या वेळातच होत असते.

जेडीचा दस्तऐवज ज्या रीतीने तयार होतो, ती रीत दखल घेण्याजोगी आहे. फंक्शनचे वर्णन वेगळ्या पुस्तिकेत न लिहिता प्रोग्रॅममध्येच, त्या फंक्शनच्या पहिल्या ओळींखाली लिहिले जाते. ‘स्फिंक्स’ हे साधन ती वर्णने वेचून त्यांची पाने तयार करते. खुद्द पायथॉनच्या दस्तऐवजासाठी गेओर्ग ब्रांडल यांनी ते निर्माण केले आणि २००८ मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले. वर्णनातील उदाहरणे चालवून त्यांचे उत्तर लिहिल्याप्रमाणे येते की नाही, हे तपासण्याची सोयही पायथॉनमध्ये आहे. त्यामुळे प्रोग्रॅम बदलला आणि वर्णन जुनेच राहिले, तर निदान उदाहरणापुरती ती विसंगती उघड होते. उदाहरणाभोवतीचे गद्य मात्र कोणतेही यंत्र तपासत नाही.

मर्यादांविषयी जेडीचा दस्तऐवज स्पष्टवक्ता आहे. ‘स्क्रिप्ट’ सामान्यतः प्रोग्रॅम चालवून पाहत नाही, केवळ वाचून अनुमान करते. परक्याने लिहिलेली फाइल नुसती उघडल्याने ती चालू नये, यासाठी ही काळजी आवश्यक आहे. ‘इंटरप्रिटर’ हा दुसरा वर्ग मात्र चालू सत्रातील प्रत्यक्ष वस्तू तपासतो, आणि तसे करताना त्यांतील काही भाग चालविला जाऊ शकतो. आयपायथॉन हाच वर्ग वापरते. अवाढव्य लायब्रऱ्यांच्या बाबतीत अनुमानाला वेळ लागतो, हेही तेथे मान्य केलेले आहे.

हे सारे इंग्रजीत आहे. मराठीतून संगणकशिक्षण देण्याचा एक मोठा प्रयत्न मुंबईच्या आयआयटीतील ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने केला आहे. मुक्त सॉफ्टवेअर शिकविणाऱ्या त्याच्या ध्वनिचित्रफितींचे निवेदन मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध आहे. मात्र शिकवणी आणि संदर्भदस्तऐवज यांच्या गरजा निराळ्या. शिकवणीत एखादा शब्द सैल वापरला तरी शिक्षकाच्या सुरातून अर्थ पोहोचतो. ‘गोटू’ आणि ‘इन्फर’ या दोहोंसाठी मराठीत ‘शोधा’ असा एकच शब्द वापरला, तर संदर्भग्रंथ म्हणून त्या पानाचा उपयोग संपतो. ‘व्याख्येकडे जा’ आणि ‘मूळ अनुमाना’ असे काही वेगळे शब्द निवडावे लागतील, आणि लायब्ररीच्या पुढच्या प्रत्येक आवृत्तीबरोबर ते जपावेही लागतील.