कर्ण्यासमोरचा संकोच

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात मुलांच्या आग्रहाखातर मी एक पद म्हटले. रोज वर्गात घसा फोडणाऱ्या मास्तराला त्यात लाजण्यासारखे काय? परंतु कोणा चलाख पोराने ते मोबाइलवर टिपले आणि दुसऱ्या दिवशी गावभर पाठवले. घरी सौभाग्यवतींनी ते ऐकवले मात्र, मी म्हणालो, "छे! हा माझा आवाज नव्हे."

"तुमचाच हो! आम्ही इतकी वर्षे हाच ऐकतो आहोत."

खरेच होते ते. आपण बोलतो तेव्हा आपला आवाज हवेतून येतो, तसा कवटीच्या हाडांतूनही कानात उतरतो; म्हणून तो आपल्याला भरदार वाटतो. यंत्राला मात्र हवेतलाच तेवढा सापडतो. 1877 साली एडिसनने फोनोग्राफ बनवला, तोवर माणसाला आपला आवाज परक्याच्या कानाने ऐकताच येत नव्हता!

आपल्याकडे हा प्रसंग प्रथम गवयांवर आला. ग्रामोफोन कंपनीचा गैसबर्ग हा तंत्रज्ञ कलकत्त्यास आला आणि 1902 च्या नोव्हेंबरात एका हॉटेलच्या खोलीत त्याने गौहरजानचे गाणे मुद्रित केले. त्या काळी मायक्रोफोन नव्हता. भल्यामोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचे, आणि रात्रभर फुलणारा राग सुमारे तीन मिनिटांत आटोपायचा! तबकड्या छापल्या जात दूर जर्मनीत, हॅनोव्हरला. तेथल्या कारागिरांना गायिका ओळखू यावी म्हणून गौहरजान गाण्याच्या शेवटी इंग्रजीत आपले नाव सांगे. तिला संकोच शिवलाच नाही.

उलट आमचे अल्लादियाखाँसाहेब! जयपूर-अत्रौली गायकीचे हे अध्वर्यू त्या यंत्राला वश झाले नाहीत. तीन मिनिटांत गाणे मावत नाही, आणि एकदा तबकडीवर गेलेली विद्या कोणाच्याही हाती पडते, अशी त्यांची धारणा असल्याचे सांगतात. 1946 साली मुंबईत ते वारले आणि तो आवाजही त्यांच्याबरोबरच गेला.

त्यांच्या शिष्या, गोव्यातील केरीच्या सूरश्री केसरबाई केरकर. यंत्राविषयी त्याही साशंकच. पण त्यांनी काही ध्वनिमुद्रिका दिल्या. त्यांतली एक भैरवी 1977 साली व्हॉयेजर यानांवरच्या सुवर्णतबकडीत गेली. त्याच सप्टेंबरात केसरबाई निवर्तल्या. त्यांचा सूर मात्र आज सूर्यमालेच्या ग्रहांपलीकडे पोहोचला आहे.

मग खाँसाहेब चुकले का? मला तसे म्हणवत नाही. नाही म्हणण्याचा अधिकार त्यांचा होता आणि लोकांनी तो मानला. मला जे बोचले, ते आवाजाच्या बेसूरपणापेक्षा हेच, की मला कोणी विचारले नाही.

त्या पोराला मी बोलावले. म्हटले, "बाळ, पुढच्या वेळी आधी विचार." तो ओशाळून म्हणाला, "पुसून टाकू का, सर?"

मी 'हो' म्हणणार, तोच वडील आठवले. पहाटे ओसरीवर भूपाळी म्हणत. सूर कच्चाच, आम्ही पोरे हसत असू. तो आवाज कोठेही उरलेला नाही. आज तो एकदा ऐकायला मिळावा म्हणून मी काय देणार नाही?

"राहू दे," मी म्हणालो. "आमच्या घरी तेवढे पाठव."