मापाडी आणि मीटर

मोंढ्यांत धान्याची रास मोजली जात असतां मापाड्यानें आंकडा मोठ्यानें पुकारावा, हा जुना रिवाज आहे. पायलीनें मोजण्याच्या दिवसांत कित्येक ठिकाणीं पहिल्या मापाला 'एक' न म्हणतां 'लाभ' म्हणत, आणि मग दोन, तीन असा आंकडा चढत जाई. मोजदाद लक्षांत राहावी एवढाच या पुकारण्याचा हेतु नव्हता. विकणारा शेतकरी, घेणारा व्यापारी आणि मोजणारा मापाडी या तिघांच्या कानांवर एकच आंकडा एकाच वेळीं पडावा, आणि कोणास शंका आल्यास तेथल्या तेथें रास पुन्हां मोजतां यावी, हा त्यांतील खरा अर्थ. व्यवहार दोघांचा असला तरी मापाला तिसऱ्याची साक्ष लागते, हें आमच्या शेतकऱ्यास कोणी शिकवावें लागलें नाहीं.

हें आठवण्याचें कारण असें कीं, गेलीं कांहीं वर्षें महाराष्ट्रांतील घराघरांत, आणि अर्थात् आमच्या परभणीकडेहि, विजेच्या नव्या 'स्मार्ट' मीटरविषयीं वाद चालला आहे. मीटर बसविणारा दारांत आला असतां 'जुनें चांगलें चालतें आहे, नवें कशाला?' असा प्रश्न त्यास विचारला जातो. या प्रश्नाला अडाणीपणा म्हणून हंसणारे पुष्कळ आहेत. तसेंच नवें यंत्र म्हणजे लुटारूपणाच, असें ठरवून बसलेलेहि थोडे नाहींत. दोन्ही पक्षांनीं मापांचा इतिहास क्षणभर पाहिला, तर हा संशय आजचा नव्हे, आणि पूर्वीं तो उपदेशानें कधींच गेला नाहीं, असें त्यांच्या ध्यानांत येईल.

परभणी जिल्हा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. संस्थानांत हाली शिक्का चाले, तर लगतच्या वऱ्हाडांत कळदार. दोन्ही रुपयेच, परंतु मोल निराळें. शेर, पायली आणि मण हेहि गांवोगांवीं सारखे भरत नसत. अशा मुलखांत कापूस आणि ज्वारी विकावयास आलेल्या माणसानें संशयी नसावें तर काय व्हावें? या संशयाचें निवारण कसें झालें तें पाहण्यासारखें आहे. वऱ्हाडांत कारंजा येथें १८८६ सालीं नियंत्रित बाजार सुरू झाला. १८९७ सालीं तेथें कापूस व धान्य यांच्या बाजारांचा कायदा झाला. आणि हैदराबाद संस्थानानें असाच कायदा १९३० सालीं केला. त्यांतील मुख्य गोष्ट ही कीं, बाजारावर समितीची देखरेख आली आणि मापाड्यास परवाना घ्यावा लागूं लागला. म्हणजे तो केवळ व्यापाऱ्याचा चाकर राहिला नाहीं. पुढें १९५६ सालीं सबंध देशासाठीं दशमान मापांचा कायदा झाला आणि वजनांवर सरकारी छाप आली. लोकांचा विश्वास बसला तो त्या छापेमुळें.

धान्याची रास निदान डोळ्यांस दिसते. वायु आणि वीज यांचा व्यापार सुरू झाला तेव्हां प्रश्न अधिक अवघड झाला. कारण येथें माल दिसत नाहीं आणि एकदां वापरला कीं परत मोजतां येत नाहीं. इंग्लंडांत घराघरांत गॅस जळूं लागल्यावर मीटरविषयींचीं भांडणें इतकीं वाढलीं कीं, १८५९ सालीं पार्लमेंटास कायदा करावा लागला. मीटर निरीक्षकाकडून तपासून त्यावर मुद्रा उठवावी, असें त्यांत ठरलें. चुकीची मर्यादाहि नेमून दिली, आणि ती देतांना कायद्याचें पारडें किंचित् गिऱ्हाइकाकडे झुकविलें: मीटर जलद चाले तर शेंकडा दोन, मंद चाले तर शेंकडा तीन. विकणाऱ्याच्या हातीं मीटर असल्यामुळें तो अधिक बलवान् आहे, हें त्या कायद्यानें ओळखलें होतें.

विजेच्या बाबतींत तर आरंभीं गिऱ्हाइकास वाचतां येईल असें मीटरच नव्हतें. एडिसननें १८८२ सालीं न्यूयॉर्कांत वीज विकण्यास सुरुवात केली, तेव्हां त्याच्या मीटरांत जस्ताच्या पट्ट्या द्रवांत बुडविलेल्या असत. प्रवाह वाहिला कीं एका पट्टीवरील जस्त दुसरीवर जाई. कंपनीचा माणूस महिन्याकांठीं पट्ट्या नेऊन तोली आणि त्यावरून बिल ठरे. घरमालकानें मान डोलवावी, इतकाच त्याचा अधिकार! १८८९ सालीं हंगेरींतील ओटो ब्लाथी यानें फिरत्या चकतीचें मीटर काढलें, आणि त्याच जातीच्या मीटरांनीं पुढें जगभर मोजणीचें काम सुमारें शतकभर केलें. चकती फिरतांना दिसे. तिच्या किती फेऱ्यांस एक युनिट, तें मुखपट्टीवर छापलेलें असे. आंकडे कोणासहि वाचतां येत. मोंढ्यांतील पुकारा जणूं पुन्हां ऐकूं येऊं लागला.

हिंदुस्थानांत १९१० च्या विद्युत् कायद्यानें या दृश्य मापाच्या पाठीशीं तिसरा साक्षीदारहि उभा केला. मीटर बरोबर आहे कीं नाहीं याविषयीं तंटा उद्भवल्यास दोघांपैकीं कोणींहि अर्ज करावा आणि विद्युत् निरीक्षकानें निकाल द्यावा, असें त्याचें २६ वें कलम सांगत होतें. मीटर चुकीचें ठरलें तरी मागील आकारणी सहा महिन्यांपलीकडे जाऊं नये, असाहि त्यांत निर्बंध होता. १९५६ च्या नियमांनीं चुकीची मर्यादा दोन्ही बाजूंस शेंकडा तीन ठरविली.

मुंबईस घरगुती विजेचा मोठा व्यवसाय १९०५ पासून रुजला आणि खोपोलीची जलविद्युत् १९१५ सालीं मुंबईस पोहोंचली. मराठवाड्याच्या वांट्यास हें सर्व फार उशिरां आलें. आमच्याच जिल्ह्यांत, जिंतूर तालुक्यांत, पूर्णेवरील येलदरी धरणाचें वीजघर १९६८ सालीं चालूं झालें. परळीचें औष्णिक केंद्र १९७१ चें. आमच्या लहानपणीं वाड्याच्या ओसरीवर काळें मीटर असे आणि आमचे आजोबा दर महिन्याच्या पहिल्या तारखेस चष्मा लावून त्यावरील आंकडा भिंतीवर कोळशानें लिहून ठेवीत. बिल आलें कीं दोन आंकड्यांची वजाबाकी करून मगच पैसे काढीत. त्यांचें बिल कधीं चुकलेलें आम्हांस आठवत नाहीं. तरी तो कोळसा त्यांनीं सोडला नाहीं.

परंतु मोजणीविषयींचा अविश्वास एकाच बाजूनें वाढत नसतो, हेंहि येथें सांगितलें पाहिजे. १९७० नंतरच्या दशकांत शेतीच्या पंपांना मीटरऐवजीं अश्वशक्तीवर ठोक आकार लावण्याची पद्धत राज्यांत आली. शेतकऱ्यास ती सोयीची वाटली. मात्र त्यामुळें राज्यांतील विजेचा एक मोठा हिस्सा न मोजतां केवळ अंदाजानें हिशेबांत येऊं लागला. १९९९ सालीं वीज नियामक आयोग स्थापन होऊन हिशेबांची उघड छाननी झाली, तेव्हां मंडळ सांगत होतें त्याहून खरी गळती फार मोठी असल्याचें आणि शेतीचा वापर फुगवून दाखविला गेल्याचें पुढें आलें. जो विक्रेता लोकांस 'मीटरवर विश्वास ठेवा' म्हणतो, त्याचें स्वतःचेंच माप वर्षानुवर्षें अदमासाचें होतें, हें मराठवाड्यानें या प्रकारें अनुभवलें आहे.

आतां प्रस्तुत मीटरकडे वळूं. केंद्र सरकारनें २०२१ सालीं वितरण-सुधारणेची योजना काढून देशभर २५ कोटी स्मार्ट मीटरांचा संकल्प सोडला. महावितरण कंपनीनें २०२३ च्या ऑगस्टांत सुमारें सव्वादोन कोटी मीटरांचे ठेके दिले. एकूण रक्कम सुमारें २७ हजार कोटी, म्हणजे दर मीटरामागें बारा हजारांच्या घरांत. केंद्राचें अनुदान मीटरामागें फार तर नऊशें रुपये. छत्रपति संभाजीनगर, लातूर आणि नांदेड या परिमंडळांचा ठेका, ज्यांत परभणी येते, हैदराबादच्या एन. सी. सी. कंपनीस मिळाला. ग्राहकाकडून मीटरची वेगळी किंमत घेणार नाहीं, असें महावितरणनें सांगितलें. उरलेली रक्कम शेवटीं दरांतूनच वसूल होईल, असें ग्राहकसंघटनांनीं उत्तर दिलें. विरोध वाढल्यावर २०२४ च्या जूनमध्यें तत्कालीन उपमुख्यमंत्री व ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनीं सामान्य ग्राहकांस प्रीपेड मीटर बसविणार नाहीं, असें जाहीर केलें. पुढें २०२५ सालीं 'टी. ओ. डी. मीटर' या नांवानें स्मार्ट मीटरें घरांत येऊं लागलीं. बिल मात्र नेहमीप्रमाणें महिन्याअखेर, आणि दिवसाच्या वापरास दरांत कांहीं सूट. नांव बदललें म्हणून संशय गेला नाहीं; उलट, नांव कां बदललें, हा नवा प्रश्न त्यांत मिळाला.

आक्षेपांची शांतपणें पारख केली तर सर्वांचें वजन सारखें भरत नाहीं. 'मीटर पळतें' हा सर्वांत मोठा आक्षेप. अमेरिकेंत कॅलिफोर्नियांतील बेकर्सफील्डकडे २००९ सालीं हीच ओरड झाली. चौकशींत मीटरें बहुतेक बिनचूक ठरलीं. कडक उन्हाळा आणि वाढलेले दर हीं बिल फुगण्याचीं कारणें निघालीं, आणि तक्रारी नीट ऐकल्या नाहींत म्हणून कंपनीस दोष मिळाला. चकतीचें जुनें मीटर झिजून मंद चालत असल्यास नवें खरें मीटर जलद वाटणारच. तथापि दुसरी बाजूहि आहे. नेदरलंड्समधील ट्वेंटे विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०१७ सालीं नऊ इलेक्ट्रॉनिक मीटरें प्रयोगशाळेंत तपासलीं. मंदकासह लावलेल्या विजेची बचत करणाऱ्या दिव्यांच्या विशिष्ट परिस्थितींत त्यांतील पांचांनीं जादा वाचन दाखविलें, एकानें तर शेंकडा ५८२ पर्यंत. हे प्रयोग मुद्दाम रचलेल्या परिस्थितींतले होते. परंतु यंत्र कधीं चुकतच नाहीं, असें म्हणणाऱ्याचें तोंड बंद करण्यास ते पुरेसे आहेत.

दुसरा आक्षेप आगाऊ पैशांचा, आणि तो आम्हांस सर्वांत खरा वाटतो. सोयाबीन आणि कापूस घरीं आले कीं ज्या घरांत पैसा येतो, तें घर वर्षभर उधारीवर आणि खात्यावर चालतें. विजेचें महिन्याअखेरचें बिल हीहि एक महिन्याची उधारीच. ती काढून घेऊन 'आधीं पैसे, मग दिवा' असा नियम केला, तर ऐन वैशाखांत, पारा ४२-४३ अंशांवर असतां, शिल्लक संपलेल्या घरांतील पंखा कोणी माणूस दारांत न येतां दुरूनच बंद होऊं शकतो. पूर्वीं वीज तोडावयास आलेल्या माणसाला 'उद्यां भरतों' असें सांगतां तरी येई. २००३ च्या विद्युत् कायद्याचें ४७ वें कलम प्रीपेड मीटर घेण्यास तयार असलेल्याकडून अनामत मागूं नये, असें म्हणतें. त्यावरून ही निवड ग्राहकाची आहे असा युक्तिवाद संघटनांनीं केला, आणि त्यांत तथ्य आहे.

तिसरा आक्षेप घराच्या आडपडद्याचा. दर अर्ध्या तासाची नोंद दूर जात असेल, तर घरांत माणसें केव्हां उठतात, केव्हां निजतात आणि कुलूप लावून गांवाला केव्हां जातात, हें त्या नोंदींवरून कळूं शकतें. याच भीतीमुळें नेदरलंड्सच्या वरिष्ठ सभागृहानें २००९ सालीं सक्तीचें स्मार्ट मीटर अडवून धरलें, आणि पुढें तें ऐच्छिक झालें. आमच्याकडे या मुद्द्याची चर्चा फारच थोडी झाली.

मग उपाय काय? जुन्या बाजारानें जो केला तोच. २०२४ च्या फेब्रुवारींतील ग्राहकहक्क-नियमांच्या दुरुस्तीनें एक चांगली तरतूद केली आहे: वाचनाविषयीं तक्रार आल्यास पांच दिवसांत दुसरें पडताळणी-मीटर बसवावें आणि निदान तीन महिने दोन्हींची तुलना करावी. हा हक्क प्रत्येक गृहस्थानें जाणून घ्यावा. घरच्या घरीं करण्याजोगी परीक्षाहि आहे. मीटरवरील तांबडा ठिपका किती वेळां लुकलुकला म्हणजे एक युनिट, तें मुखपट्टीवर छापलेलें असतें. तो आंकडा ३२०० असेल, तर इतर सर्व बंद करून शंभर वॅटचा एकच दिवा लावावा; ठिपका सुमारें सव्वाअकरा सेकंदांनीं एकदां लुकलुकला पाहिजे. आजोबांच्या कोळशाचें काम आतां घड्याळाच्या सेकंदकांट्यानें करावयाचें.

पण एवढ्यानें भागत नाहीं. विद्युत् निरीक्षकाच्या निवाड्याची जी वाट १९१० च्या कायद्यांत होती, ती २००३ च्या कायद्यानें तशी राखली नाहीं. तक्रार आतां आधीं कंपनीनेंच स्थापलेल्या मंचाकडे जाते आणि मग लोकपालाकडे. पडताळणी-मीटरहि बसविणार कंपनीच. त्रयस्थ प्रयोगशाळेची सोय नियमांत आहे, परंतु ती सेलू, पाथरी, गंगाखेड, पालम येथील गृहस्थास एका दिवसांत आणि परवडेल अशा खर्चांत गांठतां आली, तरच तिचा उपयोग. मीटरें बसविण्यासाठीं हजारों कोटी काढतां येतात, तर प्रत्येक जिल्ह्याच्या गांवीं एक निःपक्षपाती तपासणीघर उभें करण्यास कितीसें लागेल? तें आधीं उभें राहावें, आणि मीटरें मागाहून यावींत. मोंढ्यांतहि परवानाधारक मापाडी येईपर्यंत शेतकऱ्यानें रासेवरून नजर काढली नव्हती; आज मीटरपुढें उभ्या असलेल्या गृहिणीनेंहि ती काढूं नये.