भट्टीवरची नानकटाई

दिवाळीच्या फराळातील करंजी, चकली, शंकरपाळे ही तळणीतून निघतात; लाडू कढईत भाजलेल्या पिठाचे वळतात. नानकटाईला मात्र भट्टीची आच लागते. आपल्या जुन्या स्वयंपाकघरांत चूल होती, शेगडी होती, भट्टी नव्हती. तेव्हा नानकटाई करावयाची म्हणजे कालवलेले पीठ घेऊन घराबाहेर पडणे आले, आणि ती भट्टी पुष्कळदा परधर्मीयाची असे. हे पाऊल दिसावयास लहान. परंतु त्यामागे मोठा इतिहास आहे.

१८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये एका सभेनंतर जमलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे वर्तमानपत्रात छापविली आणि गावात ग्रामण्य माजले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी झाली. त्या यादीत रानडे होते, टिळकही होते. एक पुढे १८९३ साली मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. दुसऱ्यांनी कायद्याची पदवी घेतलेली. तरीही दोघांना प्रायश्चित्ताच्या वाटेने जावे लागले. परक्या हातचे बिस्किट ही तेव्हा अशी गंभीर बाब होती.

आता भोपाळकडे वळू. १७३७ च्या डिसेंबरात बाजीरावाने निजामाला कोंडले ते याच शहरी. १८१३ च्या सुमारास नागपूरकर भोसले आणि शिंदे यांच्या फौजांनी वेढा घातला तोही याच शहराला. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी, ऐन दिवाळीत, नवे मध्यप्रदेश राज्य जन्मास आले. विदर्भ मुंबई राज्यात गेला, नागपूरची राजधानी सरली, आणि नागपूरच्या कचेऱ्यांतील मराठी माणसे भोपाळला आली. या वेळी त्यांच्याबरोबर तोफा नव्हत्या. फायलींचे गठ्ठे आणि फराळाचे डबे होते.

आमचे आजोबा त्यांपैकीच एक कारकून. पुढल्या वर्षीच्या दिवाळीत आजीने तूप हाताने फेसले, पिठीसाखर व मैदा मिळविला, वेलदोड्याची पूड घातली आणि डबा घेऊन ती गल्लीच्या टोकाशी असलेल्या भट्टीवर गेली. पहाटेचे पाव निघाल्यावर भट्टीची धग उतरते. नानकटाईला तीच मंद आच मानवते. भट्टीवाल्या चाचांनी तिला दुपारची वेळ दिली. घरी आजीचे सासरे सोवळ्याचे. त्यांनी विचारले, “सूनबाई, कोणाच्या भट्टीवर भाजलीस?” आजीने खरे ते सांगितले आणि म्हणाली, “मामंजी, अग्नीला कुठला आला विटाळ?” त्यांनी नानकटाईला हात लावला नाही, परंतु शेजारी जाणारी ताटेही अडविली नाहीत. एक ताट चाचांच्या घरी गेले. पुढे ईदेला आजीचा डबा परत आला, तो कोरड्या शेवयांनी भरलेला. त्या शेवयांची खीर आजीने केली, आणि त्या दिवशी मामंजींनी वाटी पुढे केली, असे ती सांगत असे.

स्पष्टपणे सिद्ध झालेली रूढी लिखित शास्त्रवचनाहून बलवत्तर होय, असा निर्णय प्रिव्ही कौन्सिलने १८६८ साली रामनाडच्या खटल्यात दिला. आम्ही वकील तो वारसाहक्काच्या वादांत उद्धृत करतो. माझ्या मते त्याचा खरा प्रत्यय उंबरठ्यावर येतो. १८९० साली पंडितांना जो प्रश्न शास्त्रार्थाने सोडविता आला नाही, तो पुढे घराघरांतील बायकांनी “शेजाऱ्याचे भांडे रिकामे परत करू नये” एवढ्या एका रूढीने निकालात काढला. आपल्या कोंकणी वाचकांस हे नवे नाही. गोमंतकात चवथीच्या नेवऱ्या ख्रिस्ती शेजाऱ्याकडे जातात आणि नाताळात त्याच्याकडून दोदोल येते.

आज घरोघरी विजेची भट्टी आली आहे. नानकटाई घरीच भाजली जाते, आणि ते उत्तमच झाले. परंतु त्या सोयीने डबा घेऊन बाहेर पडण्याचे कारण नाहीसे केले, हेही खरे. म्हणून येत्या दिवाळीत नानकटाई कोठेही भाजा. पहिले ताट मात्र ज्या दाराशी आपले जाणे-येणे नाही, त्या दारी पोहोचवा. भांडे भरून परत येईल.